वार्धक्य आणि समाजाचे देणे



वसंतात व्याख्याने भरवण्याची चाल न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात पाडली. तेव्हापासून अशा व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी सतरंजीवर बसून ऐकावे, ही रीत. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढची शाळा म्हणजे वाचनालय आणि युनियनची कचेरी. हमाल, मापाडी, शेतमजूर आणि मिरचीची देठे खुडणाऱ्या बाया यांच्यात माझी तीस वर्षे गेली. तेव्हा आज मी जे मांडणार आहे त्यात पांडित्य नाही, हिशेब आहे. आणि हिशेब मांडायला हमाल कोणाला हार जात नाही.

विषय वार्धक्याचा आहे. युनियनवाल्याने म्हातारपणावर का बोलावे, असे काहींना वाटेल. कारण सांगतो. आम्ही मजुरीसाठी भांडलो, बोनससाठी भांडलो, पोत्याचे वजन कमी व्हावे म्हणून भांडलो. या सगळ्या मागण्या चालत्या हातापायांच्या आहेत. हात थांबले की माणूस सभासद नोंदवहीतून जातो, आणि नोंदवहीतून गेलेला माणूस मोर्च्यातही नसतो. म्हातारी माणसे संप करू शकत नाहीत. त्यांनी काम बंद केले तर कोणाचेच काही अडत नाही. ज्यांना संपाचे हत्यार नाही, त्यांची बाजू दुसऱ्या कोणीतरी मांडावी लागते.

प्रथम, म्हातारा कोणाला म्हणायचे? कायदा साठ वर्षे म्हणतो. कचेरीत बसून काम केलेला माणूस साठाव्या वर्षी सकाळी फिरायला जातो. क्विंटलाची पोती वाहिलेला माणूस पन्नासाव्या वर्षीच कंबरेवर हात ठेवून उठतो. आपल्या खानदेशात आखाजीला सालदाराचे साल ठरते. ज्या आखाजीला मालक म्हणतो, 'बाबा, यंदा पोराला पाठव,' त्या दिवशी तो सालदार म्हातारा झाला. त्याचा निवृत्तीचा समारंभ नाही, नारळ नाही, शाल नाही आणि फंडही नाही. तीस-चाळीस साले त्याने दुसऱ्याच्या शेतात पिकवले. पण त्याच्या नावावर एक कागदसुद्धा नाही.

आणि पोराला पाठव म्हटले, तरी पोरगा आहे कुठे? आपली तापी मुडावदला पांझरा पोटात घेते आणि पुढे सुरतेला जाते. आपली पोरेही तिच्याच वाटेने जातात. शिंदखेड्याच्या किंवा दोंडाईच्याच्या स्टेशनात गाडीत बसायचे आणि उधन्याला उतरायचे. उधना, लिंबायत या भागांत यंत्रमागावर खानदेशी माणूस किती आहे, हे इथे सांगण्याची गरज नाही. प्रत्येक घरातला एक तरी तिकडे आहे. कोणी ऊसतोडीला जाते. मागे राहतात ती आजी, आजोबा आणि कुलूप. एखाद्या म्हातारीला विचारा, 'मावशी, घरी कोण?' उत्तर ठरलेले: 'पोऱ्या सुरतले शे.' या तीन शब्दांत अभिमानही आहे आणि एकटेपणही आहे.

आता लोक म्हणतात, आईबापांना सांभाळणे हे मुलांचे कर्तव्य आहे; त्यात सरकार कशाला आणि धर्मादाय कशाला? हा आक्षेप मी हलका मानत नाही. त्यामागे चांगला संस्कार आहे. आपल्या शेजारच्या अमळनेरला मास्तरकी केलेल्या साने गुरुजींचे 'श्यामची आई' वाचून आपण सर्वांनी डोळे पुसले आहेत. २००७ साली देशाने यासाठी कायदाही केला. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाचा तो कायदा. प्रांताधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, वकील लागत नाही, नोटीस बजावल्यापासून नव्वद दिवसांत निकाल व्हावा अशी मुदत आहे. सांभाळ करीन या अटीवर शेत लिहून घेतले आणि मग सांभाळले नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करता येते. म्हाताऱ्या माणसाला टाकून दिले तर तीन महिने कैद होऊ शकते. कायदा चांगला आहे. इथे बसलेल्या ज्या कोणाची शेती अशी गेली असेल, त्याने त्याचा उपयोग जरूर करावा.

पण या कायद्याच्या दोन मर्यादा आहेत. एक, आई पोराविरुद्ध अर्ज करत नाही. ती उपाशी राहील, पण प्रांताच्या कचेरीत पोराचे नाव घेणार नाही. दुसरी मर्यादा याहून मोठी आहे. ज्याच्याजवळ आहे त्याच्याकडून कायदा वसूल करू शकतो. ज्याच्याजवळ नाही त्याच्याकडून काय वसूल करणार? सुरतेच्या एका खोलीत सहा जण पाळीपाळीने झोपणारा पोरगा कृतघ्न नसतो, तो गरीब असतो. आपण गरिबीला कृतघ्नता म्हणतो, आणि एकदा तसे म्हटले की आपल्याला काही करावे लागत नाही. पोरांना शिव्या दिल्या की सभा संपते. म्हातारी मात्र तिथेच असते.

दुसरे लोक म्हणतात, वृद्धाश्रम काढा. चांगली गोष्ट आहे. महाराष्ट्रात वृद्धाश्रमांना अनुदान देण्याची योजना १९६३ सालची आहे. १९९५ साली मातोश्री वृद्धाश्रमांची योजना आली. जळगावजवळ सावखेड्याला असा आश्रम नीट चालतो. ज्यांना खरोखर कोणी नाही त्यांना असा आसरा हवाच. २००७ च्या कायद्यातही प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, दीडशे निराधार वृद्धांची सोय असलेला वृद्धाश्रम सांगितला आहे. पण भाषा पाहा. राज्य सरकार असे आश्रम काढू 'शकेल', असे कायदा म्हणतो. 'काढील' असे म्हणत नाही.

समजा, काढला. हिशेब करू. २०११ च्या जनगणनेत धुळे जिल्ह्याची लोकसंख्या साडेवीस लाख होती. साऱ्या देशात शंभरातले साडेआठांहून थोडे अधिक लोक साठीपुढचे होते. तेच प्रमाण आपल्याला लावले, तर जिल्ह्यात पावणेदोन लाखांच्या आसपास म्हातारी माणसे होतात. खाटा दीडशे! एका खाटेमागे हजारावर माणसे. म्हणजे वृद्धाश्रम हे मोजक्या माणसांचे उत्तर झाले. बाकीच्यांना त्यांच्याच घरात, त्यांच्याच ओट्यावर म्हातारपण काढायचे आहे, आणि बहुतेकांची इच्छाही तीच आहे. म्हणून प्रश्न इमारतीचा नाही. म्हाताऱ्या माणसाच्या हाती रोख किती आणि दाराशी कोण येते, एवढे दोनच प्रश्न आहेत. पहिला सरकारचा, दुसरा तुमचा-माझा.

आधी सरकारचा घेऊ. १५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राने वृद्धांना महिना ७५ रुपये द्यायला सुरुवात केली. २००७ साली या योजनेला नवे नाव मिळाले तेव्हा ही रक्कम २०० होती. नंतर पंधराहून अधिक वर्षे उलटली, तेलाचा डबा कुठल्या कुठे गेला, पण साठ ते एकोणऐंशी वयाच्या माणसाला केंद्राचा वाटा २०० वरून हलला नाही. दिवसाला सात रुपयेही पडत नाहीत. आपल्या राज्याने श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार या योजनांतून भर घातली आणि २०२३ साली महिना १५०० रुपये केले. हे मान्य केले पाहिजे. हजारावरून दीड हजार झाले तेव्हा आमच्या वस्तीत खरोखर आनंद झाला. तरी दिवसाला पन्नास रुपये होतात. त्यात भाकरी होते. औषध आले की भाकरी अर्धी होते.

आणि हे पन्नास तरी कोणाला? या योजनेने कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाला २१,००० रुपयांची मर्यादा घातली. तीनशे पासष्टाने भागा. दिवसाला साडेसत्तावन्न रुपये! सारे घर मिळून रोज साठ रुपये कमावत असेल, तर कागदावर ते घर श्रीमंत झाले आणि म्हातारा अपात्र. कोणते घर साठ रुपयांत चालते, हे मला अर्थतज्ज्ञांनी सांगावे. याचा परिणाम काय होतो? खरे बोलणारा वगळला जातो आणि दाखला देणाऱ्याची मर्जी सांभाळणारा आत जातो. ज्या वयात माणसाने निर्धास्तपणे खरे बोलावे, त्या वयात आपण त्याला खोटे लिहायला लावतो.

मग हेलपाटे. हयातीचा दाखला, आधार जोडणी, बँकेची केवायसी. जन्मभर पोती आणि कुदळ धरलेल्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र म्हणते, अंगठा जुळत नाही. ज्या कष्टांमुळे पेन्शन द्यायची, त्याच कष्टांमुळे ती अडते. वृद्ध माणसाला कचेऱ्यांत किती दिवस उभे ठेवावे याचे भान सुटले की काय होते, हे आपल्या तालुक्याला वेगळे सांगायला नको. विखरणचे वयोवृद्ध शेतकरी धर्मा पाटील जमिनीच्या मोबदल्यासाठी दाद मागत मंत्रालयापर्यंत गेले आणि २८ जानेवारी २०१८ रोजी आपल्यातून गेले. तो प्रश्न जमिनीचा होता, पेन्शनचा नव्हता. पण ऐंशीच्या घरातल्या माणसाला न्यायासाठी मुंबई गाठावी लागते, ही गोष्ट आपल्या मनातून जाता कामा नये.

यावर उपाय सरकारपाशीच आहे आणि त्याने तो एका ठिकाणी करूनही दाखवला आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना एस.टी. मोफत झाली. कंडक्टर उत्पन्नाचा दाखला मागतो का? तो वय पाहतो आणि शून्य रुपयांचे तिकीट देतो. मग पेन्शन का तशीच देता येऊ नये? सरकारी निवृत्तिवेतन आणि आयकर भरणारे वगळा. बाकी सर्वांना वयाच्या दाखल्यावर द्या. कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव आणि अरुणा रॉय यांनी पेन्शन परिषदेच्या रूपाने हीच मागणी लावून धरली: किमान वेतनाच्या निम्मी पेन्शन, सर्व असंघटित कष्टकऱ्यांना, महागाईबरोबर वाढणारी. बाबा २०२५ च्या डिसेंबरात गेले. मागणी उभी आहे.

कोणी म्हणेल, ही भीक झाली. मी म्हणतो, हे थकलेले वेतन आहे. ज्याला आपण मजुरी म्हणतो ती माणसाच्या आजच्या भाकरीची किंमत असते. त्याच्या उद्याच्या भाकरीची किंमत मालकाने दिलेली नसते. माथाडी कामगारांसाठी १९६९ साली महाराष्ट्राने कायदा केला तो याच तत्त्वावर. मालकाने मजुरीवर लेव्ही भरायची आणि त्यातून हमालाचा फंड, ग्रॅच्युइटी उभी करायची. जो हमाल मंडळात नोंदला गेला त्याच्या हाती शेवटी काही रक्कम येते. जो नोंदला गेला नाही तो देवळाच्या पायरीवर येतो. दोघांच्या पाठीवर पोते सारखेच होते.

नोंदलेल्यांचीही कथा ऐका. जळगावची खानदेश मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल यांचे भोंगे थांबले. कारखान्यात पगारातून रीतसर कपात होऊन १९९५ च्या योजनेत पेन्शन लागलेल्यांसाठी सरकारने २०१४ साली महिना किमान १००० रुपये ठरवले. दहा वर्षे उलटून गेली तरी त्यात वाढ झाली नाही. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सांगायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालय लागले. आणि २०१९ साली असंघटितांसाठी तीन हजारांच्या पेन्शनची जी योजना आली, तिच्यात शिरायचे वय अठरा ते चाळीस. आज जो साठीत आहे त्याने काय करावे? पुन्हा जन्म घ्यावा?

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला जातो. जर्मनीत १८८९ साली बिस्मार्कने कामगारांचा वार्धक्य विमा आणला तेव्हा तो विचारला गेला. इंग्लंडने १९०८ साली सत्तरीच्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंग देण्याचा कायदा केला तेव्हाही. हे परदेशचे झाले म्हणाल, तर केरळने १९८० साली शेतमजुरांना महिना ४५ रुपये पेन्शन सुरू केली. तेव्हा केरळ श्रीमंत नव्हते. तिथले शेतमजूर संघटित होते, एवढाच फरक. आणि आपल्या राज्यघटनेच्या ४१ व्या कलमात वार्धक्यात सरकारी साहाय्य मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे. त्यात 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' असे शब्द आहेत, हे मला ठाऊक आहे. पण १९५० सालची कुवत आणि आजची कुवत एकच आहे, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगेल काय?

इथवर सरकारचे झाले. आता आपल्याकडे वळतो. सरकार पैसा देऊ शकते. सरकार पाणी पाजू शकत नाही. २०२४ पासून सत्तरीच्या पुढच्यांना आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंत इस्पितळाचा खर्च मिळतो. उत्तम. खुब्याचे हाड बसवून म्हातारी घरी येते. मग तिला उठवणार कोण, न्हाणीपर्यंत नेणार कोण? कार्डाला हात नसतात. इथे धर्मादायाचे काम सुरू होते.

आपला समाज दानाला कमी नाही. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे गोरगरिबांसाठी धर्मशाळा बांधल्या. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकात उभा राहिलेला अनाथ पंगू गृहाचा आसरा आज 'निवारा' या नावाने वृद्धांना सांभाळतो. दाता ज्यू होता, आश्रय सर्वांना मिळाला. पण आजचे आपले दान कसे आहे? वाढदिवसाला चार केळी आणि आठ जणांचा फोटो. थंडीत घोंगड्या वाटतात. एकाच म्हाताऱ्याला तीन मिळतात, कारण तो रस्त्यावर दिसतो. घरात पडून असलेली म्हातारी कोणाला दिसत नाही. आखाजीला आपण पितरांच्या नावाने घागर पूजतो. शेजारच्या जिवंत म्हातारीची घागर भरली आहे की नाही, हेही त्याच दिवशी पाहायला हरकत नसावी.

तेव्हा माझ्या सूचना अशा आहेत.

पहिली: यादी करा. युनियनचे सारे काम यादीपासून सुरू होते. आपल्या गावात एकटी राहणारी म्हातारी माणसे किती, कोणत्या गल्लीत, कोणाची पेन्शन का अडली, हे एका वहीत यायला हवे. प्रत्येक गल्लीतून दोघांनी पुढे यावे.

दुसरी: महिन्यातला एक दिवस ठरवून तलाठी, बँक आणि पंचायत यांनी एका मांडवात बसावे. ज्यांना चालवत नाही त्यांच्या घरी यंत्र घेऊन जावे. अंगठा जुळत नसेल तर दुसरा मार्ग तिथेच काढावा. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत फोन क्रमांक प्रत्येक ओट्यावर चुन्याने लिहा.

तिसरी: नगरपंचायतीने एक खोली द्यावी. तिथे दुपारी गरम जेवण, वर्तमानपत्र आणि रक्तदाब पाहण्याची सोय व्हावी. एका खाटेच्या खर्चात दिवसभराच्या जेवणाला बरीच माणसे बसतात.

चौथी: घरोघर जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा करणारी बाई नेमा, आणि तिला पगार द्या. मी पगार म्हटले, मानधन म्हटले नाही. केरळात ग्रामपंचायती परिचारिका पाठवून घरी अशी शुश्रूषा करवतात, आणि गावातले स्वयंसेवक त्यांच्या जोडीला असतात. एका म्हातारीची सेवा दुसऱ्या बाईला फुकट राबवून करायची असेल, तर ती दुसरी बाई उद्याची निराधार म्हातारी होईल.

पाचवी: या कामाला कायमचा पैसा लावा. कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांनी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात, आणि त्या कामांच्या यादीत वृद्धाश्रम व वृद्धांची दिवसाची केंद्रे स्पष्ट लिहिलेली आहेत. आपल्या तालुक्याच्या जमिनीवर ज्यांचे कारखाने आणि सौरप्रकल्प उभे आहेत, त्यांच्याकडे यादी घेऊन जा. धर्मादाय इस्पितळांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत राखणे सक्तीचे आहे. त्या मागून घ्या. व्यापाऱ्यांनी आणि शेतकऱ्यांनी हंगामात मापामागे काही ठरवावे. पण प्रत्येक रुपयाची पावती फाडा आणि वर्षाचा हिशेब याच व्यासपीठावर वाचा. पावती नसलेले दान दोन वर्षांत आटते, असा माझा अनुभव आहे.

शेवटी एका शंकेचे उत्तर देतो. पेन्शन मिळाली तर पोरे आणखीच हात झटकतील, असे पुष्कळांना वाटते. मी घराघरांत उलटे पाहिले आहे. ज्या म्हातारीच्या नावावर महिन्याला दीड हजार येतात, तिचा चहा पहिला येतो. नातवाला ती पेन आणून देते, सुनेला औषधाचे पैसे देते. घरातली माणसे वाईट नसतात. टंचाई माणसाला वाईट वागायला लावते. टंचाई थोडी हटली की माया आपोआप वर येते. पेन्शन मायेच्या आड येत नाही, तिला जागा करून देते.

सभा संपल्यावर दाराशी एक वही ठेवलेली आहे. आपापल्या गल्लीतल्या एकट्या माणसाचे नाव तिच्यात लिहून मगच घरी जावे, एवढी विनंती करतो. नाव लिहिताना ते माणूस शेवटी कधी भेटले होते, हेही आठवून पाहावे.